पाचशे रुपयांचं डिफ्रॅग

“काय वो काकू, काकांचा कॉम्प्युटर दुकानातून आला म्हणे?”

“आला ना बाप्पा! पाचशे घेतले त्या पोट्ट्यानं. म्हणे फायलींचे तुकडे झाले होते, डिफ्रॅग करून जोडून देल्ले. आमी त एकबी फाईल फोडली नाही वं!”

“तुकडे पडतातच, काकू. काही डिलीट केलं की मधात जागा सुटते. नव्या फाईलले सलग जागा भेटली नाही, त सिस्टीम सापडन तिथं थोडी थोडी टाकते.”

“मंग आमच्या दारव्ह्याच्या वावरासारखंच म्हण की! दोन एकर नाल्यापल्याड, एक टेकडीखाली, अर्धा पार दिग्रसच्या रस्त्यावर. अर्धा दिवस वाटेतच जाते. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा हाये म्हणतात, पण आमच्या भासऱ्यानं...”

“भासऱ्याचं राहू द्या आता! हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाले ७२०० चकरा मारते. वाचणाऱ्या हेडले बरोबर पट्ट्यावर पोचाले नऊएक मिलिसेकंद लागते, अन् पाहिजे तो भाग फिरून खाली येईस्तोवर सरासरी चार. एका तुकड्यामागं झाले तेरा. हजार तुकडे असले त तेरा सेकंद नुसते हेडच्या धावपळीत! तेच शंभर एमबीची फाईल सलग असली त एखाद्या सेकंदात वाचून होते.”

“मंग पोट्ट्यानं बरोबरच केलं की.”

“थांबा ना वो. काकांनी मागल्या दिवाळीले एसएसडी बसवली होती न?”

“हाव, त्याच्याच हातून.”

“त्याच्याच हातून! अन् तिच्यातच त तबकडी नाही, हेडबी नाही. तुकडा कुठंबी असो, जवळपास तेवढ्याच वेळात हाती येते. उलट डिफ्रॅगनं फुकटचं लिहिणं वाढते, अन् एसएसडीचं लिहिण्याचं आयुष्य मोजकं. २००९ च्या विंडोज ७ नंच एसएसडी दिसली की ठरलेलं डिफ्रॅग बंद ठेवाले सुरुवात केली. जुनी हार्ड डिस्क असती तरी व्हिस्टापासून विंडोज ते काम हप्त्यातून एकदा आपोआप करते. लिनक्सची ईएक्सटी४ फाईल सिस्टीम त आधीच सलग जागा पाहून लिहिते, तुकडे कमीच पडतात. पाचशे कायचे घेतले त्यानं?”

“मले काय इचारतं? पण कॉम्प्युटर हळू त चालतच होता.”

“डिस्क किती भरली हाये?”

“गच्च! तीन लग्नं, एक बारसं, भजनी मंडळाची पंढरपूरची वारी... एकबी व्हिडिओ पुसू देत नाही तुहे काका.”

“मंग दुखणं तिथंच असन. एसएसडीले आतल्या आत आवराआवर कराले मोकळी जागा लागते. ते व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर टाका. अन् पाचशे परत मागा.”

“मागू कशी वं? त्याच्या बहिणीचं आर्णीत जमलं, तुले ठाऊक नाही? आता दुकानात पाय ठेवला त पत्रिकाच देईन हातात. पोरगा बँकेत हाये म्हणतात, पण माय लय खवट... इकडं ये, जोरानं नको बोलू.”