ऑफ सीझनवाले काका

लोक हवामानाचा अंदाज घरी बसायचं की नाही हे ठरवायला बघतात. आमचे भाऊकाका बुकिंग करायला. ‘मुसळधार’ असं छापून आलं की यांची बॅग भरलीच. मे महिन्यात जैसलमेर, जुलैत महाबळेश्वर. तिथे प्रत्येक पॉइंटवर नुसतं धुकं होतं, पण खोली निम्म्या भाड्यात मिळाली होती. त्यामुळे काकांच्या मते देखावा अप्रतिम.

एका जूनमध्ये त्यांनी आम्हा सगळ्यांना अलेप्पीला हाउसबोटीवर नेलं. धक्क्यावर रिकाम्या बोटींची रांग बघूनच काकांचा चेहरा उजळला. “सीझनमध्ये आपण गिऱ्हाईक, ऑफ सीझनमध्ये पाहुणे!” मालक मल्याळममध्ये, काका मराठीत, घासाघीस मात्र दोघांनाही नीट कळत होती.

कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली. बोटीतून शेत बघायचं तर मान खाली घालावी लागते. आम्ही पावसात भिजलेली ती हिरवळ बघत होतो, काका वहीत माणशी खर्च मांडत होते. या बोटींतून पूर्वी भात वाहायचे, फळ्या काथ्याने शिवलेल्या असतात, खिळा एकही नाही, असं नावाडी मोडक्या हिंदीत कौतुकाने सांगू लागला.

“म्हणजे खिळ्यांचे पैसे वाचले,” काका म्हणाले, “अजून पाचशे कमी करायला हवे होते.”

संध्याकाळी बोट काठाला बांधली. रात्री पाण्यात कोळ्यांची जाळी असतात, म्हणून बोटी चालवत नाहीत. काकांना पक्का संशय, डिझेल वाचवतायत. एसी रात्री नऊला सुरू होणार होता. बाहेर धो धो पाऊस, काकूंच्या अंगावर शाल. तरी नऊच्या ठोक्याला काका एसीखाली. “अहो, गारठाल!” “पैसे भरलेत.”

सकाळी उतरताना मात्र त्यांनी आचाऱ्याच्या खिशात काहीतरी गुपचूप कोंबलं. या दिवसांत त्याला रोज काम नसतं, हे त्यांनी रात्री चकलीचा डबा पुढे करून काढून घेतलं होतं. वहीत ती रक्कम ‘किरकोळ’ खाली सापडली. वाचलेल्या पैशांहून थोडी जास्तच होती.

यंदा लडाख ठरलंय, जानेवारीत. कोणाला यायचं असेल तर लवकर कळवा. चार डोकी वाढली तर माणशी आणखी कमी पडेल.