उस्तादांचा पंचनामा

उसाच्या पट्ट्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, बाजार समितीचे फाटक मागे टाकून साखर कारखान्याच्या रस्त्याला लागले, की एखाद्या बाभळीच्या आडोशाने पत्र्याची एक टपरी आढळते; तिच्या दर्शनी भागी निकामी टायरांची चळत, हवेचा कंप्रेसर आणि पंक्चर शोधण्यासाठी ठेवलेले काळ्या पाण्याचे घमेले असा सरंजाम असतो; आणि या सरंजामाच्या मध्यभागी, उपड्या डब्यावर, मनुष्यजातीविषयीची कायमची नापसंती मुद्रेवर वागवीत एक गृहस्थ बसलेले असतात. त्यांना उस्ताद म्हणतात. ते केरळातून आले असे कोणी सांगतो, मिरजेकडचे आहेत असे कोणी सांगतो. परंतु त्यांच्या वतनाविषयी त्यांनाच विचारण्याचे धाडस अद्याप कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

मोटारसायकलचे पंक्चर ही बाब उस्तादांच्या अखत्यारीत येत नाही. ती परस्पर पोऱ्याकडे वर्ग होते. जीपगाडीसाठी ते डब्यावरून उठत नाहीत, केवळ मान वळवतात. ट्रॅक्टरचे मागील चाक, तेही पाणी भरलेले आणि रिम सडलेले, समोर आले म्हणजे मात्र ते उठतात, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि विडी कानावर खोचतात. चौकशी सुरू झाल्याचे हे चिन्ह होय.

चाकात पाणी असते ही वार्ता शहरवासी वाचकांस विस्मयकारक वाटण्याचा संभव असल्याने थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. नांगर जमिनीत रुतला किंवा उसाच्या दोन ट्रॉल्या मागे जोडल्या, की हलका ट्रॅक्टर जागच्या जागी चाके फिरवू लागतो. म्हणून मागील ट्यूबमध्ये, व्हॉल्व वरच्या अंगाला ठेवून, त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरण्याची वहिवाट आहे. अशाने चाकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग भरतो आणि १३.६-२८ या आपल्याकडील सर्वपरिचित मापाच्या टायरात दीडशे लिटरांच्या आसपास पाणी, म्हणजे तितकेच किलो वजन, बसते. उरलेल्या जागेत हवा ठेवावीच लागते, कारण पाणी दाबले जात नाही आणि धक्का सोसण्याचे काम अखेर हवेलाच करावे लागते. थंड मुलखात हे पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड नावाचे मीठ विरघळवतात. त्याने पाणी जडही होते, परंतु ट्यूब झिरपू लागली की तेच मीठ रिमचे लोखंड खाऊन टाकते. आपल्याकडे गोठण्याची भीती नसल्यामुळे साधे विहिरीचे पाणी चालते. तथापि रिम सडवण्याच्या कामी आपण परदेशापेक्षा मागे राहिलो आहोत असे कोणी समजू नये. तिकडे जे मिठामुळे घडते, ते आमचे बागायतदार निव्वळ दुर्लक्षाच्या बळावर घडवून आणतात.

“कवाधरनं गळतंय, मालक?”

“परवाच दिसलं बघा, उस्ताद.”

या उत्तरावर उस्ताद काही बोलत नाहीत. व्हॉल्वच्या भोकाभोवती जमलेल्या तांबूस चिखलात ते तर्जनी बुडवतात, अंगठ्याशी चोळतात आणि तो अंगठा मालकाच्या डोळ्यांसमोर धरतात. फिर्यादी म्हणून आलेला इसम आरोपी ठरण्यास इतके पुरेसे असते. मग तो आपली कैफियत वाढवू लागतो: ड्रायव्हरने सांगितले नाही, सुगीची घाई होती, धाकट्या भावाकडे लक्ष देण्याचे काम होते. कुटुंबातील जितक्या व्यक्ती या कैफियतीत गोवल्या जातील तितका गंज खोल असणार, असा उस्तादांचा ठोकताळा आहे आणि तो सहसा चुकत नाही.

याच सुमारास मालकाला काटकसरीची एक युक्ती सुचते. टायर उतरवण्याचा एवढा खटाटोप कशाला, वरच्यावरच वेल्डिंगचा टाका मारता येणार नाही काय, असे तो विचारतो. आणि एरवी मौनव्रत पाळणारे उस्ताद त्या क्षणी असे काही खवळतात, की शेजारच्या चहाच्या गाड्यावरील गिऱ्हाईक बशी खाली ठेवून ऐकू लागते. त्यांच्या भाषेतील अलंकार येथे देणे शिष्टसंमत होणार नाही, परंतु मुद्दा बिनतोड असतो. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंगची आच लागली, की आतले रबर तापून त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतो, टायराच्या पोटात कोंडतो आणि पेट घेऊन बॉम्बसारखा फुटू शकतो. हवा आधी सोडून दिली तरी ही भीती टळत नाही. मालक वरमतो. पुढल्या खेपेस तोच मालक तीच सूचना पुन्हा करील, याविषयी उस्तादांच्या मनात संदेह नसतो.

त्यानंतरचे काम पाहण्यासाठी रस्त्याने जाणारी माणसे थांबतात, आणि थांबलेले प्रत्येक माणूस सल्लागार होते. उस्ताद सर्वांचे ऐकतात आणि कोणाचेही करत नाहीत. ट्रॅक्टर कठीण जमिनीवर आहे हे पाहून ते पुढच्या चाकांना दगड लावतात. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट सैल करून घेतात, कारण अधांतरी चाकाचे नट सोडू पाहणारा मनुष्य त्यांच्या मते चाकाबरोबर स्वतःही फिरतो. मग लाकडी ओंडक्यावर जॅक ठेवून धुरा उचलतात आणि व्हॉल्व खाली येईल असे चाक हाताने वळवतात. पिन काढताच तांबड्या पाण्याची चिळकांडी उडते आणि प्रवाह सरळ चहावाल्याच्या बाकड्याखाली जाऊन थांबतो. यावरून होणारी तक्रार दर खेपेस नवी असल्याच्या आवेशाने मांडली जाते व दर खेपेस निकालात न काढता दप्तरी दाखल होते.

पाणी गेल्यावरही चाक हलके झाले असे समजणाऱ्याने एकदा ते आडवे पाडताना हात लावून पाहावा. टायराची कड गंजाने रिमला अशी चिकटलेली असते, की भाऊबंदकीतला बांधही त्यापेक्षा लवकर सुटावा. उस्ताद कडेवर चपटी पहार ठेवतात, पोऱ्या घण मारतो, दोघे वितीवितीने सरकत पूर्ण प्रदक्षिणा घालतात, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रदक्षिणेत कोठेतरी ‘कर्र’ असा आवाज होऊन कड खाली बसते. येथून पुढे बळाचे काम संपते. एका बाजूची कड पायाने रिमच्या मधल्या खोलगट पन्हाळीत दाबून धरली, म्हणजे समोरच्या बाजूस जी दोन बोटांची ढील मिळते, तिच्यात टॉमी घालून उस्ताद ती कड अशा अलगदपणे बाहेर काढतात, की मघापासून “जोर लावा, जोर लावा” असे ओरडणारे सल्लागार आपापल्या कामाला निघून जातात. पन्हाळीचे हे रहस्य न जाणता सहा माणसे टॉमीवर लोंबकळवून कडेची तार तोडणारे कारागीरही असतात. त्यांचा उल्लेख झाला की उस्ताद थुंकतात.

रिम उघडी पडली, की खरा पंचनामा सुरू होतो. गंज केवळ व्हॉल्वच्या भोकापाशी असेल, तर मालक माणूस बरा, फक्त चिकट. किरकोळ किमतीचे वायसर बदलायचे त्याने वर्षभर टाळले. अर्ध्याच वर्तुळात गंज असेल, तर ट्रॅक्टर पावसाळाभर एकाच जागी उभा होता, म्हणजे घरात वाटणीचा तंटा चालू आहे. गंजावर रंगाचा ताजा हात असेल, तर गाडी जुनी घेतलेली, आणि विकणारा घेणाऱ्याहून शहाणा. सबंध रिम पापुद्र्यापापुद्र्याने सुटत असेल, तर गाडी गोठ्यात, शेणामुताच्या ओलीत उभी राहते. अशा मालकाकडे उस्ताद अधिक वेळ पाहतात आणि पोऱ्याला त्याच्यासाठी चहा सांगतात. मामलेदार कचेरीतील सातबाऱ्यावर पिकांच्या नोंदी असतील, कर्जाचे बोजे असतील. पण माणसाचा स्वभाव कोठे नोंदलेला सापडेल तर तो रिमच्या आतल्या अंगावर, या सिद्धांताला माझीही हळूहळू मान्यता मिळत चालली आहे. १९३२ साली अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला लोखंडी चाकांऐवजी हवेचे टायर बसवून दिले, तेव्हा शेतकऱ्याच्या सुखाचा विचार झाला असेल. त्याच्या अब्रूचा झालेला दिसत नाही.

रिम वेल्डरकडून टाके घालून, घासून, तांबडा रेड ऑक्साईड लावून परत येते. उस्ताद त्या टाक्यांवरून बोट फिरवतात. बोटाला टोचले तर रिम परत जाते, कारण आज बोटाला टोचते ते उद्या ट्यूबला टोचणार. मग ट्यूबला शंखजिरे, कडांना साबणाचे पाणी, आणि पुन्हा तीच पन्हाळ, तीच टॉमी, फक्त उलट्या क्रमाने. हवा भरताना ते सर्वांना बाजूला हटवतात, स्वतः लांब नळी घेऊन आडोशाला उभे राहतात आणि काटा पस्तीस पौंडांच्या पुढे जाऊ देत नाहीत. दोन्ही कडा ठप्प ठप्प आवाज करून जागेवर बसल्या, की हवा सोडून, ट्यूबची घडी मोडून, ती पुन्हा भरायची. चाक चढले, की व्हॉल्व वर घेऊन पाणी. दिवसभर काम केल्यावर नट पुन्हा आवळा, ही ताकीद ते देतात. ती पाळली जाणार नाही हे दोन्ही पक्षांना मान्य असते.

हिशेबाच्या वेळी मालक विचारतो, पाण्याचे पैसे कसले? पाणी फुकट आहे, असे उस्ताद सांगतात, भरण्याचे पैसे आहेत. जुने पाणी आमच्या विहिरीचे होते, ते तुम्ही रस्त्यावर सोडले, असा प्रतिदावा येतो. अखेर कारखान्याकडून उसाचे बिल निघाल्यावर देण्याच्या बोलीवर तहनामा होतो आणि उस्ताद आपल्या तेलकट वहीत नोंद करतात: ‘डावे. व्हॉल्वपाशी सडले. उधार.’ माणसाचे नाव लिहिण्याची त्यांना गरज भासत नाही.

अशाच एका उधारीवाल्या बागायतदारांशी त्यांची गाठ एका लग्नाच्या मांडवात पडली, तेव्हा मी पंगतीत शेजारीच होतो. गृहस्थ काठी टेकत आले. गुडघ्याच्या दुखण्याने ते बरेच दिवस बेजार होते. “काय उस्ताद, वळखलं का?” त्यांनी विचारले. उस्तादांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले, मग एकाएकी त्यांची मुद्रा उजळली.

“डावं ना तुमचं?”

“डावंच की!” गृहस्थ चकित झाले.

“पाणी?”

“गेल्या म्हैन्यात काढलं. पर परत भरलं बघा.”

“भरणारच,” उस्ताद म्हणाले. “खोलून बघितल्याबिगर नुसतं काढून काय उपेग? आतनं सडलं असंल.”

गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला. पुढे काय करावे, असे त्यांनी जवळजवळ हात जोडून विचारले.

“आणा टपरीवर,” उस्ताद मठ्ठ्याची वाटी उचलत म्हणाले. “पर मागची बाकी घिऊन या.”