विष्णुपुरीचे दरवाजे

पावसाळ्यात नांदेडकरांची एक बातमी ठरलेली असते: विष्णुपुरीचे दरवाजे उघडले. किती उघडले, किती क्युसेक पाणी सोडलं, गोदाकाठच्यांनी सावध राहावं. विष्णुपुरीतल्या दुसऱ्या दरवाजांची बातमी मात्र कधी होत नाही. ते दिवेलागणीला बंद होतात, मुलींच्या वसतिगृहांचे.

धरणाचं शास्त्र सरळ आहे. ज्याच्यापासून धोका, त्याला अडवायचं. पण इथं विद्यापीठ, अभियांत्रिकी, वैद्यकीय असं सगळं उच्च शिक्षण जमलेलं. शास्त्र पुढं गेलं. ज्याला धोका, त्यालाच अडवायचं. धोका बाहेर टपरीवर दुचाकीवर आडवा बसून चहा पितो. "काय करायलास रे इथं?" असं त्याला कुणी विचारत नाही. मुलगी नुसती पाच मिनिटं थांबली, की चौघं विचारतात, "कुणाची वाट बघायलीस?" कुणाचीच नाही, हे उत्तर लातूर रस्त्यावर अजून चालत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही म्हणता येणार नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. दिवसही अर्धाच वापरायला मिळतो, तेव्हा हिशेब चोख. बायकांवरच्या अत्याचारांविरुद्धचं 'शक्ती' विधेयक विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर करून दिल्लीला धाडलं. ती एकटीच गेली. कायदा होऊन घरी काही परतली नाही. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पुण्यात स्वारगेटला उभ्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला, पोलीस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. मग चर्चा कशाची, तर तिनं हाक का मारली नाही!

माझी भाची इथंच शिकते. परवा दाजी आणि मी तिला आणायला गेलो. अंधारातून फोनवर बोलत येताना दिसली. "हो बाबा, आलेच. तुम्ही तिथंच थांबा."

बाबा माझ्या शेजारी उभे. फोन त्यांच्या खिशात.

"कुणाशी बोलायलीस गं?"

"कुणाशीच नाही मामा. रिचार्ज संपलाय."

दाजींनी तिथल्या तिथं रिचार्ज मारून दिला. तिनं लगेच फोन सायलेंटवर टाकला. मागच्या महिन्यात असंच बोलत असताना कानाशी खरी रिंग वाजली होती, आणि मागून येणारे दोघं हसले होते.