वरूडहून आरपार

मोटरसायकलवरून देश पालथा घालण्याची जी सर्वमान्य रीत आहे, तिच्यात वरूडच्या माणसाची सोयच केलेली नाही. रीत अशी, की काश्मीरला जायचं, तिथून कन्याकुमारीला यायचं, की झाला देश. बायकर मंडळी याला लाडाने ‘के-टू-के’ म्हणतात. श्रीनगर ते कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सुमारे ३,७४५ किलोमीटरचा, देशातला सर्वांत लांब. पण हा हिशेब श्रीनगरात उभ्या असलेल्या माणसाचा झाला. वरूडचा माणूस वरूडमध्ये उभा असतो. त्याला देश ओलांडायचा तर आधी निम्मा देश उरकून श्रीनगर गाठायचं, तिथे चाकाशी नारळ फोडायचा आणि आल्या वाटेने मागे फिरायचं. नागपूर आलं, घर शंभरेक किलोमीटरवर राहिलं, तरी तिकडे ढुंकूनही न पाहता खाली कन्याकुमारीला जायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा निम्मा देश तुडवत घरी यायचं. गाडीच्या मीटरवर साडेसात हजारांच्या घरातला आकडा पडतो, आणि त्यातला निम्मा प्रवास कुणी प्रवास म्हणून धरतच नाही. मुंबईकराला किंवा चेन्नईकराला देशाची एक कड तरी आयती मिळालेली असते. मधल्या माणसाला कड विकत घ्यावी लागते, आणि तीही पेट्रोलच्या भावाने.

माझं म्हणणं असं, की ही रीत कडेच्या लोकांनी कडेच्या लोकांसाठी बसवली आहे आणि मधल्या माणसाने ती मुकाट्याने पाळायचं काही कारण नाही. देशाटन मध्यावरून करावं. वरूडहून चार दिशांना चार फेऱ्या माराव्यात आणि दर फेरीनंतर घरी यावं. ज्या वाहनावर बसून हे करायचं त्याच्याच चाकाकडे पाहावं. आऱ्या मधल्या हबमधून निघून कडेला जातात. एका कडेवरून निघून हबला न शिवता दुसऱ्या कडेला पोचणारी आरी कुठल्याच कारागिराने बसवलेली नाही. (अलॉयचं चाक असणाऱ्यांनी आजोबांची सायकल पाहावी.) आणि निसर्गाचाही कौल याच बाजूने आहे. वरूडच्या उत्तरेला, सीमेपलीकडे मुलताई आहे. तिथे तापी उगम पावते आणि पश्चिमेला सुरतेकडे जाते. त्याच मुलताई तालुक्यात वर्धा उगम पावते, आपल्या वरूड तालुक्याच्या कडेने खाली उतरते आणि प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळते. एका तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना जातं. पण अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत आरपार जाण्याचा हट्ट आजवर एकाही नदीने धरलेला नाही.

यावर कुणी म्हणेल की नद्यांचं सोडा, त्यांना चढ चढता येत नाही. मग संत्र्याचं पाहू. वरूडचं संत्रं दिल्लीच्या मंडीत जातं, कलकत्त्याला जातं, केरळात जातं. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवून वाट अडवेपर्यंत सीमा ओलांडून तिकडेही भरपूर जात असे. कॅरेट भरलेला ट्रक इथून निघतो तो थेट त्या दिशेला. आधी श्रीनगरला जाऊन मग कन्याकुमारीकडे वळणारा संत्र्याचा ट्रक कुणी पाहिला असेल तर त्या व्यापाऱ्याचं पुढे काय झालं तेही सांगावं. धर्माचा पुरावा हवा तर चारधाम आहेत. बद्रीनाथ, द्वारका, पुरी, रामेश्वर, चारही कडेवरचे आणि चारही वरूडपासून साधारण हजार ते अठराशे किलोमीटरच्या टप्प्यात. ही योजना ज्याने आखली तो मनाने तरी वऱ्हाडातच बसलेला असणार. आणि शास्त्राचा हवा तर इंग्रजांची ती मोठी मोजणी घ्या. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि पुढे कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास, त्रिकोणांची साखळी नेली गेली. म्हणजे मूळ ‘के-टू-के’ हाच. सोबत अर्ध्या टनाचं थिओडोलाइट होतं, त्यामुळे सामान जास्त झालं ही आजच्या बायकरची तक्रार ऐकून घेण्याच्या लायकीची नाही. पण हा गृहस्थही एका दमात आरपार गेला नाही. त्याने वऱ्हाडात एलिचपूरजवळ मुक्काम करून नवी आधाररेषा मोजली, आणि १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला देह ठेवला. काम त्याच्या जागी आलेल्या एव्हरेस्टने पुरं केलं, तेव्हा १८४० साल जवळ आलं होतं. टोकापासून टोकापर्यंत जाण्याच्या हट्टाला इतका वेळ लागतो आणि तरी मुक्काम वऱ्हाडातच पडतो.

मात्र मध्यावरून निघण्याचं माझं खरं कारण पंचांगाचं आहे. एका दमात देश ओलांडणारा माणूस कुठे ना कुठे अवेळी पोचतोच. मे महिन्यात निघावं तर लडाखच्या वाटा मोकळ्या होत असतात, पण मध्ये आपण असतो. अकोल्याचा पारा मेमध्ये पंचेचाळीसच्या वर जाणं ही आमच्याकडे बातमी नसते, आणि काळं जॅकेट, काळे बूट, काळे हातमोजे अशा सरंजामात त्या उन्हातून जाणाऱ्याकडे रस्त्याकडेचा रसवंतीवाला ज्या नजरेने पाहतो तिच्यात कौतुक फार थोडं असतं. जुलैत निघावं तर केरळात पाऊस आणि हिमाचलात दरडी. डिसेंबरात दक्षिण उत्तम, पण तोवर झोजिला बर्फाखाली जायच्या बेतात. चार फेऱ्या केल्या की प्रत्येक दिशा तिच्या ऋतूत मिळते. आणि हे ऋतूचं गणित वरूड-मोर्शीच्या बगीचेवाल्याला शिकवावं लागत नाही. त्याला आपल्या झाडाचा एक बहार निवडायचा असतो. आंबिया घ्यायचा तर डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, जानेवारी-फेब्रुवारीत फुलं, आणि दसरा-दिवाळीपासून पुढे तोडणी. मृग घ्यायचा तर मे महिन्यात ताण, पावसाबरोबर फुलं, आणि फळ पुढल्या फेब्रुवारी-मार्चात. ताणाच्या दिवसांत पाणी द्यायचं नसतं, म्हणजे लाइन कधी येते म्हणून रात्री-बेरात्री मोटरीपाशी जागायचंही नसतं. वर्षातले हेच काय ते मोकळे दिवस. तेव्हा वाटणी सरळ आहे. मृगवाल्यांनी मेअखेर लडाख करावं, आंबियावाल्यांनी डिसेंबरात रामेश्वर किंवा कच्छ. उलट केलं की फसलं. मे महिन्यात आंबियाची कोवळी फळं झाडावर असतात, बोअर हजार फुटांवर जाऊनही उसासे टाकत असतो, टँकरच्या पाण्यावर झाडं जगवणं चाललेलं असतं. अशा वेळी आंबियावाला खारदुंग ला वर जाऊन उभा राहिलाच, तर विरळ हवेच्या आधी घरच्या फोनानेच त्याचा श्वास कोंडेल. तिथल्या जुन्या पाटीवर उंची १८,३८० फूट लिहिली होती, प्रत्यक्षात ती आठशेक फूट कमी भरते असं पुढे मोजणाऱ्यांनी सांगितलं. पण एवढ्याने आंबियावाल्याला दिलासा मिळेल असं वाटत नाही. ज्यांना बगीचा नाही त्यांनी शाळेच्या सुट्ट्या पाहाव्यात. त्यांचं शास्त्र वेगळं.

आता मोठा आक्षेप. घर मध्ये आलं की प्रवास मोडतो. एक फेरी करून आलेला माणूस दुसरीला निघेलच याची खात्री काय? घरी आला की कुणाचं लग्न निघतं, सोसायटीची नोटीस येते, आणि आई ओट्यावरून विचारते, “आता कुठी चालला बाप्पा पुन्हा? जेवून तं जाय!” जेवल्यावर वऱ्हाडात झोप येते, आणि झोपेनंतर देशाविषयीचं कुतूहल बरंच ओसरलेलं असतं. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. आरपार जाणारा माणूस पुढे जातो कारण परतणंही तेवढंच लांब असतं. हैदराबादच्या पुढे त्याची जिद्द आणि त्याची लाचारी वेगळी काढून दाखवता येत नाही. घरी येऊन, कपडे धुऊन, आईच्या हातचा पाटवडीचा रस्सा जेवून, दुपारची झोप काढूनही जो चौथ्या दिवशी किक मारतो, त्यालाच खरोखर जायचं होतं असं म्हणता येतं. शिवाय यात मेकॅनिकी सोय आहे. एक फेरी जाऊन-येऊन तीन-साडेतीन हजार किलोमीटरची, आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ऑइल बदलायची वेळ साधारण तेवढ्यातच येते. हे काम अनोळखी गावात, अनोळखी भाषेत खुणा करून करवून घेण्यापेक्षा गाडीची तब्येत पहिल्या दिवसापासून ओळखणाऱ्या गावच्या मिस्त्रीकडे झालेलं बरं. तो ऑइल काढता काढता “काऊन, लडाखात एवढं गोटाळ होतं का?” असं विचारतो, आणि बिल देताना प्रवासाचं निम्मं वर्णनही होऊन जातं.

शंभर सीसीचा विषय मुद्दाम काढला. देशाटनाला साडेतीनशेची बुलेट किंवा हिमालयनच लागते, हा समज आरपारवाल्यांचा. सलग साडेसात हजार किलोमीटर अंगावर घ्यायचे तर मोठं इंजिन, ऐसपैस सीट, दोन्हीकडे टणक पेट्या, हे सगळं लागत असेल. फेरीला स्प्लेंडर पुरते. १९९४ पासून ही गाडी दोन माणसं, एक पोरगं, खताचं पोतं आणि फवारणीचा पंप एवढं घेऊन पांदणरस्त्याने चाललीच आहे. तिला लेहचा डांबरी रस्ता सांगून घाबरवू नये. सामान बांधायला परदेशी आकड्यांचे पट्टे लागत नाहीत. जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापायची, कॅरिअरच्या सळईला एक फास, वरून दोन तिढे, आणि टोक खाली खोचून द्यायचं. संत्र्याने भरलेलं कॅरेट या पट्टीवर खड्ड्याखड्ड्यांतून बाजारापर्यंत जातं आणि एक फळ खाली पडत नाही. चार कपडे आणि एक तंबू कुठे जाणार!

नागपूरकर मध्येच विचारतील, की मध्यच हवा तर आमचा झिरो माइल काय वाईट आहे? दगडी खांब आहे, शेजारी चार घोडे आहेत. आहेत खरे, पण त्या चार घोड्यांपैकी एकही आजवर जागचा हललेला नाही, हेही पाहायला हवं. आणि नागपूरशी आमचा जुना हिशेब बाकी आहे. संत्रं पिकतं वरूड-मोर्शीला, नाव नागपुरी. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही ‘नागपूर संत्रा’ म्हणून. रेल्वेने तेवढी लाज राखली आणि आमच्या स्टेशनच्या पाटीवर ‘वरूड ऑरेंज सिटी’ लिहिलं. फळ दिलं, आता देशाचा मध्यही देऊन टाकायचा म्हणजे फार झालं. मध्य प्रदेशातलं करौंदी हाही देशाचा मध्य असल्याचा दावा सांगतं. दोन-तीनशे किलोमीटरचा हा फरक सिद्धान्ताला मोठा नाही. तो फक्त सीटवर बसलेल्याला जाणवतो.

राहिला विक्रमाचा प्रश्न. आरपार गेलं तर प्रमाणपत्र मिळतं, पाकळ्यापाकळ्यांनी फिरणाऱ्याला कोण देणार? खरं आहे, कोणी देणार नाही. पण विक्रमांच्या पुस्तकाला वऱ्हाडचा पत्ता ठाऊक आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेसने त्याची नोंद घेतली. त्याआधी त्या रस्त्यावरून जी माणसं वर्षानुवर्षं कंबर सांभाळत गेली, त्यांची नोंद कुणी घेतली नाही. विक्रम कशाला म्हणायचं हे पुस्तकवाल्यांवर सोडलं की असं होतं. रस्त्यांच्या बाबतीत आमचं नशीब एकूणच मजेदार आहे. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कलकत्ता जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुर्भुज विदर्भाला लांबून प्रदक्षिणा घालतो. पुढे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आला, तो अमरावती जिल्ह्यातून गेलाही, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. तेव्हा पश्चिमेच्या फेरीला जुनाच अकोला-खामगावचा रस्ता धरायचा. त्यात तोटा नाही. समृद्धीवर कुणी गरम कचोरी कढईतून काढून देत नाही.

उत्तरेच्या फेरीला पांढुर्ण्याहून नागपूर-बैतुल महामार्गाला लागणं सोयीचं. फक्त तो पोळ्याचा दुसरा दिवस नाही एवढं कॅलेंडरात बघून घ्यावं. त्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दगड फेकत असतात. गोटमार म्हणतात त्याला, दरवर्षी डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. आयएसआय मार्क हेल्मेटवर तिथे फार विसंबू नये. अशा दिवशी सरळ दुसरी दिशा धरावी, तीन उरतातच.