थंडगार मटाराचा गरम हिशेब

जानेवारीत मटार स्वस्त होतो आणि घरोघरी डीप फ्रीझर घ्यायचा विचार बळावतो. १० किलो सोलून ठेवले की किलोमागे ६० रुपये वाचतात, म्हणजे चक्क ६०० रुपयांची कमाई! हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ. विजेचा मात्र कोणी मांडत नाही.

मांडू या. कॉम्प्रेसर १०० वॅटचा, दिवसाचे निम्मे तास चालतो असे धरा. (अखंड चालत नाही, उणे १८ गाठले की थांबतो, दार उघडून दोन मिनिटे आत डोकावलात की पुन्हा घुरघुरतो.) रोजचे १.२ युनिट, महिन्याचे ३६. लोक याला सरासरी दराने गुणून मोकळे होतात. पण महावितरणच्या बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, पुढे आणखी चढा. पंखे-दिव्यांनी खालचे टप्पे आधीच अडवलेले. मागाहून आलेला फ्रीझर वरच्या टप्प्यात. तिथे युनिट १२ रुपयांना पडले, तर महिन्याला ४३२, वर्षाला ५,१८४.

‘‘पण आमरसही ठेवतो ना!’’ ठेवा की. गेल्या मे महिन्यातला डबा तळाशी आहेच, बोटभर बर्फात रुतलेला. तो बर्फ खरवडायला कुणाला सवड नाही, म्हणून कॉम्प्रेसर आणखी राबतो. स्टार लेबलवर वर्षाचे युनिटही छापलेले असतात, पण दुकानात सगळे ताऱ्यांवरच खूश.

एवढे सांगितल्यावर गृहस्थ म्हणाले, ‘‘मग आता रिकामा कशाला ठेवायचा? अजून १० किलो आणतो.’’