बासवाले सर

जिंतूरच्या बासवाल्या सरांनी बास मासा जन्मात पाहिलेला नाही. पाहणार कुठून? हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा, आणि सरांच्या शाळेची सहल औंढा नागनाथाच्या पुढे कधी गेलेली नाही. तरी जॉर्ज पेरी नावाच्या गृहस्थाने 1932 साली जॉर्जियात 22 पौंड 4 औंसांचा बास धरला, हे ते सख्ख्या मामाच्या पराक्रमासारखं सांगतात. बाजारात, लग्नात, सावडायला गेलेल्या ठिकाणीसुद्धा.

येलदरीच्या पाण्यात बास नाही. पूर्णा अडवून 1968 साली धरण पूर्ण झालं. त्यात रोहू, कटला, मरळ. सरांनी मरळीला मानद बास करून टाकलं. त्याला आधारही आहे. दोघांना काठचं उथळ पाणी आवडतं, दोघं गवताआड दबा धरून बसतात आणि समोरून बेडूक गेला की झडप घालतात. वर मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून अधूनमधून तिला तोंड वर काढावंच लागतं. तो बुडबुडा सर अचूक ओळखतात. मासेमारीचं सगळं ज्ञान त्यांच्यापाशी आहे, फक्त मासेमारीला लागणारं मौन तेवढं नाही. धरणाच्या वीजघराची क्षमता 22.5 मेगावॅट, सरांच्या आवाजाची अजून कोणी मोजलेली नाही.

रविवारी सर काठावर बसून डबा उघडतात. आत कप्पे, कप्प्यांत मऊ प्लॅस्टिकचे जांभळे गांडूळ, हिरवे बेडूक, शेपटी हलवणारी पिल्लं. काहींना बडीशेपेचा वास. काठावरची पोरं जमली की तास सुरू. “1949 साली अमेरिकेत ओहायोमधल्या अॅक्रनला निक क्रीम नावाच्या माणसाने घरच्या स्वयंपाकघरात पहिला असा गांडूळ ओतला!” सरांनी हे घरी सांगितलं, त्या दिवसापासून बाई गॅसची शेगडी नजरेआड होऊ देत नाहीत.

मग टेक्सास पद्धत. गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचं, म्हणजे ते गवतात अडकत नाही. सर हे इतकं सविस्तर दाखवतात, की तोवर थर्माकोलच्या तराफ्यावरचे भोईमामा जाळं ओढून परत येतात.

“सर, खरा गांडूळ लावा की.”

“मामा, खऱ्यात शास्त्र नाही.”

“पण मासा हाय ना.”

या रविवारी मात्र शास्त्र फळाला आलं. बेशरमाच्या झाडांपाशी बुडबुडा उठला. सरांनी बेडूक पल्याड फेकला आणि हळूहळू टुकटुकत त्याच जागेवरून आणला. पाणी फुटलं! बेडूक गडप, रॉड वाकला. तंगूस ताणली गेली आणि सर आमच्याकडे वळले.

“लक्ष द्या! इथे सगळे चुकतात. लगेच झटका द्यायचा नाही. बेडूक तिच्या तोंडात नीट जाऊ द्यायचा. मनात म्हणायचं, एक… दोन… दोनच का? कोण सांगेल?”

कोणी सांगेना. सरांनी मागच्या रांगेत बोट दाखवलं. मागच्या रांगेत एक म्हैस होती. तोवर मरळीने बेशरमाच्या बुंध्याला वेढा घातला, तंगूस तोडली आणि बेडकासकट तास सोडून गेली.

“दोन म्हणायच्या आतच गेली ती,” मामा म्हणाले.

“पण आली होती ना? म्हणजे सिद्धान्त बरोबर.” सरांनी डब्यातून दुसरा बेडूक काढला. त्या एका बेडकाच्या पैशात मामांकडून घरापुरती मरळ आली असती. पण सर घ्यायला येतात ते दाद, आणि ती काही किलोवर मिळत नाही.

“तुमच्या त्या अमेरिकेत मरळ हाय का?” मामांनी जाळं झटकत विचारलं.

सरांचा चेहरा फुलला. “अहो, 2002 साली मेरीलँडच्या क्रॉफ्टनमध्ये मरळीच्याच कुळातला, चीनकडचा मासा तळ्यात सापडला. बाहेर पसरेल म्हणून सरकार इतकं घाबरलं, की तळ्यात विष टाकून सगळे मासे मारले!”

“इष कामून टाकलं?” मामा म्हणाले. “तुमाला धाडायचं होतं. मरळी आपल्या पायानं तळं सोडून गेल्या असत्या.”