झोप लागली म्हणे!

अहो, ऐकलंत का? पोरगा पोरीला घेऊन रात्री सिनेमाला गेला. दहाला घरी येतो म्हणून कबूल केलेलं आणि डोळे उघडले पहाटे चारला! कारण काय, तर सिनेमा रटाळ होता, डोळा लागला. हो हो, लागला असेल!

१९५७ सालच्या अमेरिकेत रेडिओ लावला की हेच: ‘वेक अप लिटल सूझी’. गाणारे डॉन आणि फिल एव्हर्ली, सख्खे भाऊ, एक वीसचा, दुसरा अठराचा. सुरुवातीची गिटार तर अशी खणखणते की मध्यरात्री कुणी दारावर थापा मारतंय. बरं, या कोवळ्या पोरांच्या तोंडी हे शब्द घातले कुणी? एखाद्या उडाणटप्पू कवीने? छे! बूडलो आणि फेलिस ब्रायंट या नवराबायकोने. दोन मुलांचे आईबाप, आणि हे उद्योग!

रेकॉर्ड कंपनीचे मालक आर्ची ब्लायर यांच्या कपाळालाही आठ्या पडल्या होत्या. यातून भलताच अर्थ निघतो, म्हणाले. बॉस्टनच्या रेडिओ स्टेशनांनी तर गाणं वाजवायचंच बंद केलं. ते शहर तेव्हा भारी सोवळं. पुस्तकं आणि नाटकं बंद पाडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. इतकं, की बॉस्टनमध्ये बंदी आली म्हणजे बाहेर माल खपणार हे ठरलेलं. झालंही तसंच. गाणं पॉपच्या यादीत पहिलं, कंट्रीच्या यादीतही पहिलं.

पण खरं सांगा, त्यात आहे काय? ना चुंबन, ना मिठी. पोराला एकच घोर: तिच्या आईला काय सांगायचं, बाबांना काय, आणि दोस्तमंडळी डोळे मिचकावतील तेव्हा तोंड कुठे लपवायचं. बाकीचा मसाला ऐकणाऱ्यांनी आपापल्या घरून आणला. मला विचाराल तर बोंब मारायची ती त्या सिनेमावाल्याच्या नावाने. तिकिटाचे पैसे घेऊन दोन तरुण जिवांना घोरायला लावतो म्हणजे काय!

आणि ती सूझी? अख्ख्या गाण्यात चकार शब्द नाही. हा बापडा हाका मारमारून घसा कोरडा करतोय आणि ही ढिम्म. खरंच झोपलीय की सगळं त्याच्यावर ढकलून मोकळी झालीय, कोण जाणे. माझा कौल दुसऱ्या बाजूला.

पुढची बातमी याहून खमंग. २००० साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश ओप्रा विन्फ्रीच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गेले. आवडतं गाणं कोणतं, तर हेच! एवढा देवभक्त, शिस्तीच्या गप्पा मारणारा माणूस! तरी निवडून आले. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सने मात्र त्यांना हरवलं. कारणं वेगळी असतील हो, पण आम्हाला आपला संशय आहे.